तिसरा रकाना

गांडूळ मेलंय की जिवंत आहे हे ठरवायला सरकारने आम्हाला सुई दिली होती. डोक्याच्या बाजूला हलकेच टोचायचं. आखडलं तर जिवंत, नाही आखडलं तर मेलेलं. अण्णांनी ती सुई एकदाही वापरली नाही. शिंदीच्या झाडूची एक मऊ काडी ते कानावर खोचून ठेवत आणि तिनेच गांडुळाला शिवत. मी नवा होतो, पुस्तक वाचून आलेला. म्हटलं, "अण्णा, नियमात सुई लिहिलीय." ते म्हणाले, "सायब, झोपल्या मानसाला उठवायला कुनी टोचतंय का? हात लावतेत की."

बिदरच्या बाहेर एक लहानसं केंद्र होतं, पत्र्याच्या दोन शेड आणि मागे थोडी जमीन. तिथे ते रोजंदारीवर होते. म्हैसूर राज्याचं नुकतंच कर्नाटक झालं होतं, पाटीवरचा रंग अजून ओला होता म्हणा ना. शेतात टाकायच्या नव्यानव्या पावडरी तेव्हा येत होत्या. वाळवीवरची, हुमणीवरची, कशावरची म्हणाल त्याच्यावरची. ती पावडर किडीबरोबर मातीतल्या बाकीच्या जिवांनाही मारते का, हे बघायचं काम आमच्याकडे होतं. आमच्याकडे म्हणजे कागदोपत्री माझ्याकडे. मी निंबर्ग्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, घरातला पहिला बी.एस्सी. अंगात काय ती ऐट! खिशाला दोन पेनं लावायचो, एक चालू आणि एक नुसतं दिसायला.

खरं काम अण्णांचं. वय पन्नाशीचं, अंगाने काडी, डोक्यावर पांढरी टोपी. राहायला जनवाड्याला, बौद्धांच्या वस्तीत. रोज सायकलीवर यायचे आणि शेडच्या उंबऱ्याशी चपला काढायचे. मलाही काढायला लावायचे. मी चिडायचो. मोठे साहेब बूट घालून आत जात, त्यांना कुणी बोलत नसे, आणि मला मात्र हा माणूस उंबऱ्यावर अडवायचा! "तुमी तरी काढा," एवढंच म्हणायचे. त्या 'तरी'त काय होतं कोण जाणे, मी काढायचो.

त्यांचं शिक्षण निजामाच्या अमलातलं, उर्दू शाळेतलं, चार यत्ता. आमच्या नोंदवहीत दोनच रकाने असत आणि त्यांची उर्दू नावं अण्णांनी ठेवलेली: जिंदा आणि मुर्दा. मोजणी झाली की ते उभ्यानेच हाक द्यायचे, "लिहा सायब, जिंदा नऊ, मुर्दा एक." मी कन्नडमध्ये मथळा लिहायचो, इंग्रजीत तारीख टाकायचो, मराठीत अण्णांशी भांडायचो. आमच्या भागात याचं कुणाला काही वाटत नाही.

गांडुळं आणायची पद्धत तर बघण्यासारखी. पंपाच्या पाटाखाली जिथे कायम ओल असे, तिथे सकाळी सकाळी ते उकिडवे बसायचे. खुरपं नाही, फावडं नाही, बोटांनीच माती उलगडायचे. आणि तोंडाने म्हणायचे, "बर्री, बर्री." कन्नडमधलं आदराचं 'या, या'. घरी दारी मराठी बोलणारा माणूस गांडुळांशी कन्नड कशाला बोलतो? मी विचारलं. म्हणाले, "सरकारी कामाला बलवायलोय न्हवं? मग सरकारी भाषेतच बलवाया पायजे. उद्या म्हनू नये, आमाला कळलं न्हाई म्हनून."

मी हसलो. ते हसले नाहीत.

निवड कडक. अंगावर पट्टा आलेलीच घ्यायची, म्हणजे पूर्ण वाढलेली. "लग्नाच्या वयाची घ्यायची, सायब. लेकरं न्हाई, म्हातारी न्हाई." एखादं बारकं हाताला आलं तर परत मातीत सोडून वर ओलं पान झाकायचे. चहावाल्याने एकदा किटलीतलं उकळतं पाणी शेडमागे फेकलं, तर एरवी आवाज न चढवणारा हा माणूस असा काही कडाडला की तो बिचारा किटली टाकून उभा राहिला. "खाली लेकरंबाळं हायत ना रे!" त्या चहावाल्याने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, खाली कुणी पुरलंय का हो?"

चाचणी संपली की मेलेली गांडुळं अण्णा एका पानावर घेत आणि शेडमागच्या करंजाच्या झाडाखाली वीतभर खड्डा करून पुरत. टोपी काढत. हात जोडून ओठातल्या ओठात त्रिसरण म्हणत. मग हात धुऊन, टोपी घालून परत कामाला. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, जिभेला हाड नाही. म्हणालो, "अण्णा, गांडुळाला काय कळणार बुद्ध?" ते म्हणाले, "त्येला न्हाई. मला कळावं म्हनून म्हनतो."

त्यांची गोष्ट मला पुढे त्यांच्या बायकोकडून कळली. अक्का एकदा त्यांचा विसरलेला डबा घेऊन चालत केंद्रावर आल्या होत्या. छप्पन सालानंतर गावोगाव दीक्षा झाल्या, तेव्हा अण्णा वडिलांबरोबर ओळीत उभे राहिले होते. पाच शीलं घेतली होती. पहिलं, जीव घेणार नाही. चौथं, खोटं बोलणार नाही. आणि पोटासाठी मिळालं ते हे काम, रोज जीव घेण्याचं. अक्का म्हणाल्या, "पुनवंला विहारात समदे पंचशील म्हनतेत. ह्ये पयल्याला तोंड मिटून घेतेत. दुसऱ्यापासून म्हनतेत. आन चौथं असं म्हनतेत की भाईर रस्त्यावर आईकू जातंय."

मी अण्णांना विचारलं, हे खरं का? त्यांनी कानावरची काडी काढली, परत खोचली. "खरं हाय. जे पाळत न्हाई ते कामून म्हनू?"

"मग काम सोडा की."

"सोडलं तर दुसरा कोन तरी मारंल. त्यो कसा मोजंल, कुनास ठावं." मग म्हणाले, "सायब, मी मारतो ते मोजायसाठी. मोजनं खरं असलं तर त्या जिवानं कुनाचं तरी भलं केलं. कुठल्या तरी शेतातली हजार वाचली. मोजनं खोटं झालं की मी निस्ता मारनारा. मग ह्या हाताला पानी लागंल का कितीबी धुतलं तर?"

हे ते इतक्या साधेपणाने बोलले की मी ऐकून घेतलं आणि विसरलो. माणूस आपल्या आयुष्याचा कणा काढून समोर ठेवतो, आणि आपण 'बरं' म्हणून चहा मागवतो.

मग ती पांढरी पावडर आली. पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणीवरची. नाव सांगण्यात अर्थ नाही, आता ती मिळत नाही. वरून निरोप होता, पेरणीच्या आत निकाल हवा, पोती गोदामात येऊन पडलीयत. मोठे साहेब दिवसातून तीनदा विचारायचे. ते मूळचे दक्षिणेकडचे, बदली होऊन आमच्या उन्हात आलेले, आणि त्यांचा जीव इथून सुटायला टांगलेला.

चार कुंड्या मांडल्या. एक साधी, बिनपावडरीची. बाकी तिघींत पावडर: कमी, मधली, जास्त. मधली म्हणजे शेतकऱ्याने शेतात टाकायचं जे माप, तेच. प्रत्येकीत दहा दहा गांडुळं. कुंड्या कुंभाराकडच्या, खाली भोक असलेल्या. अण्णांनी प्रत्येक भोकात खापरी बसवून वर काथ्या दाबला होता. दोन आठवड्यांनी उघडायच्या. नियम सोपा होता. मधल्या कुंडीत निम्म्याहून जास्त मेली तर पावडर नापास.

उघडल्या त्या दिवशी अण्णांनी माती गोणपाटावर पसरली आणि बोटांनी ढेकूळ न् ढेकूळ फोडलं. साध्या कुंडीत दहाची दहा जिवंत. मधलीत काडीला आखडलेली तीन. मेलेली चार.

"आणि बाकीची?" मी म्हणालो.

"मुर्दा."

"दिसत नाहीत ना पण. सातच सापडली. तीन कुठायत?"

"विरघळली, सायब. आधी मेलेली हुती. गांडुळाला हाड न्हाई, कातडं न्हाई. उन्हाळ्याच्या ओल्या मातीत चार-पाच दिसांत माती हुतंय त्याचं. दहा टाकली, जिंदा तीन. दहातनं तीन गेली, मुर्दा सात. लिहा."

सात म्हणजे नापास. मी पेन उचललं आणि थांबलो. मोठे साहेब खुर्चीत बसून वाट बघतायत, पोती गोदामात, आणि मी काय लिहू? न दिसलेली मढी? पुस्तकात मी असलं काही वाचलं नव्हतं. म्हणालो, "अण्णा, जे दिसलं नाही ते मेलं असं कसं लिहायचं? पळाली असतील. भोकातून गेली असतील."

"भोक बुजवलंय. बघा की, काथ्या तसाच हाय."

"मग वरून. कुंडीला झाकण कुठं होतं?"

"साध्या कुंडीला बी झाकन न्हवतं. तिच्यातलं एक तरी पळालं का?"

"तिथं विष नव्हतं. विष लागलं म्हणूनच तर पळाली!"

मला वाटलं, काय बिनतोड बोललो. पट्टी घेतली आणि नोंदवहीत त्यांच्या दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा रकाना आखला. वर लिहिलं, 'पळाली'. खाली लिहिलं, तीन. मुर्दा चार. पावडर पास.

मोजणाऱ्याच्या सहीची जागा मी बोटाने दाखवली. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. "मी जिंदा-मुर्दा मोजतो. तिसरं मला ठावं न्हाई."

"सही करा अण्णा, उगाच ताणू नका."

"आठ दिस द्या, सायब. मी दावतो. आठ दिस थांबवा कागद."

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी नोंदवही पाहिली आणि म्हणाले, रोजंदारीवाल्याची सही नसली तरी चालते, तुमची आहे ना? कागद त्याच आठवड्यात गेला.

अण्णांनी मात्र दाखवलंच. त्या मेलेल्या चारांतली तीन त्यांनी पुरली नव्हती. तशीच माती, तशीच ओल असलेल्या नव्या कुंडीत ती ठेवली. तोंडाला धोतराचं फडकं बांधलं, सुतळीच्या गाठीवर लाख वितळवून टाकली आणि तिच्यावर माझा अंगठा उठवून घेतला. मला हसू येत होतं, पण दिला. आठव्या दिवशी मला हाताला धरून नेलं. लाख शाबूत होती, माझा अंगठा शाबूत होता. त्यांनी फडकं सोडलं, माती जुन्या वर्तमानपत्रावर ओतली आणि मला म्हणाले, "तुमी शोधा."

मी शोधलं. पहिल्यांदाच बोटांनी शोधलं. एका ठिकाणी माती जराशी काळपट, चिकट लागली, वास आला. बाकी काही नाही. तिन्ही नव्हती.

"कुठं पळाली?" अण्णांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी म्हणालो, "साहेबांना सांगतो."

सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, "होगलि बिडी." जाऊ द्या, सोडा. गेलेला कागद परत मागवला की दोघांचीही चौकशी लागते. तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, लक्षात आहे ना? मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. खोलीत जाताना पाय जड होते आणि बाहेर येताना हलके. त्या हलकेपणाची मला अजून लाज वाटते.

अण्णांना मी म्हटलं, "पुढच्या वेळी बघू." दुसऱ्या दिवशी ते उंबऱ्यातच उभे राहिले, चपला पायात. "सायब, मला गेटावर टाका."

"का? रागावलात?"

"राग कशाचा? ती सात मी मारली. तुमी चारच मोजली. तीन जीव मी निस्तेच मारले. आता हे काम माझ्याच्यानं हुनार न्हाई."

ते गेटवर बसू लागले. जीप आली की उघडायचे, गेली की लावायचे. पुन्हा कधी शेडमध्ये आले नाहीत. काडीही कानावरून गेली. मला वाटायचं, आता तरी विहारात पहिलं शील म्हणत असतील, आता कुठे मारतायत? एकदा विचारलंही. म्हणाले, "आदीची कुठं फिटलीत?" शेडमध्ये दुसरा माणूस आला, सुईने टोचणारा, चटपटीत. आणि पुढल्या वर्षी नोंदवही छापून आली तेव्हा तिच्यात तिसरा रकाना छापूनच आला होता. माझी अक्कल सरकारने छापली! एखाद्याने फ्रेम करून लावली असती.

पावडर गावोगाव गेली. निंबर्ग्यालाही गेली. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, सोसायटीत रांगेत उभे राहून ती घेऊन आले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या पोरानं पास केलेली हाय." त्यांचं बघून शेजाऱ्यांनी घेतली. हुमणी मेली, खोटं कशाला बोलू, पहिली दोन वर्षं पीकही उठून दिसलं. मग एका नांगरटीला मी गावी होतो. अप्पा औत थांबवून मागे बघत उभे राहिले. म्हणाले, "कामून रे, नांगरामागं बगळे येईनात?" पूर्वी नांगराच्या तासामागे बगळ्यांची रांग चालायची, उलटलेल्या मातीतलं वेचत. आता शेत मागे रिकामं. मी खाली बसलो, ढेकूळ फोडलं, दुसरं फोडलं. म्हणालो, "ऊन फार आहे, येतील." अप्पांचा माझ्यावर विश्वास होता. ते औत हाकू लागले.

मी गुलबर्ग्याला बदलून गेलो. बढत्या मिळाल्या. पंधरा-सोळा वर्षं अशी गेली की सांगण्यासारखं काही नाही. मग ती पावडर बंद झाल्याचं पत्रक टेबलावर आलं. कारण एका ओळीत होतं: जमिनीतील उपयुक्त जीवांस घातक. ती ओळ वाचून मी दार लावून घेतलं. दोन दिवस लागले, पण पत्र लिहिलं. त्या चाचणीत मुर्दा सात होती, चार नव्हती; मोजणाऱ्याने तेव्हाच बजावलं होतं; चूक तपासणाऱ्याची, म्हणजे माझी. एक प्रत वर पाठवली आणि एक घेऊन जनवाड्याला गेलो.

अण्णा बाजेवर होते. डोळ्यांनी फार दिसत नव्हतं. अक्कांनी पाणी दिलं, पाठीला उशी लावून त्यांना बसवलं. मी पत्र वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ती पावडर अजून इकायलेत का?"

"नाही अण्णा, बंद झाली. आता दुसऱ्या आल्यात."

"मग ह्ये पत्र कुनासाठी?"

"तुमच्यासाठी," मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि मनातल्या मनात मला ते आवडतही होतं, एवढा मी कोता.

अण्णांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. "मला तर ठावंच हुतं, सायब. ज्येला ठावं न्हवतं, त्येला सांगितलंव का?"

तिथून सरळ एसटीने निघालो, गुलबर्ग्याला न थांबता निंबर्ग्याला. अप्पा ओट्यावर बसले होते, थकलेले, पण कान शाबूत. त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. कुंडी, सात, चार, तीन, फडकं, लाख. त्यांनी शेताच्या दिशेने बघितलं नाही, माझ्याकडेच बघत होते.

मग विचारलं, "त्या मानसानं तवाच सांगितलं हुतं?"

"व्हय."

"करून बी दावलं हुतं?"

"व्हय."

"मग तू त्याचं कामून ऐकलं न्हाईस?"

"वरून घाई होती, अप्पा."

अप्पांनी मान हलवली. पोरगा म्हणतो म्हणजे असेल घाई.

घाई होती हे खरं, पण न ऐकण्याचं कारण ते नव्हतं. समोर माझ्यासारखा कुणी उभा असता, दोन पेनवाला, आमच्या घरी पंगतीला बसू शकणारा, आणि तो म्हणाला असता की गांडूळ पळत नाही, विरघळतं, तर मी तिथल्या तिथे ती रेघ खोडली असती. समोर चार यत्ता शिकलेला, रोजंदारीवरचा, गावाच्या त्या टोकाच्या वस्तीतला माणूस होता. त्याला ठाऊक आहे आणि मला नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला वाटच नव्हती. हे मी अप्पांना सांगितलं नाही. अण्णांनाही सांगितलं नाही. अण्णांना सांगायची गरज नव्हती. त्यांना तेही ठाऊक होतं.